ऐनाचं दार

काशिराम घरतला गाव उघाडीवाला म्हणायचं. म्हणायचं, कारण आता म्हणणारं तोंड शिल्लक नाही. गाव आहे. घरं आहेत, उलट पूर्वीपेक्षा दोन मजले उंच झालीत, खाली दुकानगाळे, वर भाडेकरू. पण शेताकडे जाणारा माणूस उरला नाही, आणि ज्याला शेतच नाही त्याला उघाडी काय आणि उघाडीवाला काय.

उघाडी म्हणजे काय हे पनवेलमध्येच जन्मलेल्या पोरांनाही हल्ली सांगावं लागतं, म्हणून सांगायचं. खाडीच्या बांधात एक दगडी तोंड ठेवलेलं असतं आणि त्यात वरून लोंबतं एक जाड लाकडी दार. भरती आली की खाडीचं पाणी त्याला बाहेरून रेटतं, दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी त्याला आतून ढकलतं, दार उघडतं आणि पाणी खाडीत जातं. मोटार नाही, वीज नाही, कुणाची सही नाही. दार घट्ट बसलं तर आत भात पिकतं. नाही बसलं तर आत मीठ, आणि एकदा खारं पाणी शेतात उभं राहिलं की दोन-तीन पावसाळे त्या जमिनीत भाताचं नाव घ्यायचं नाही.

या दाराची राखण काशिरामच्या घराकडे होती. आजा उघाडीवाला, बाप उघाडीवाला, मग हा. लग्नात, पंचायतीत, भांडणात, कुठंही छाती पुढं काढायची वेळ आली की घरत मंडळींचं एक वाक्य ठरलेलं असायचं: आमच्या घरानं दर्या धरलाय. काशिरामची बायको गोदू होती तोवर ती आतून ओरडायची, "दर्या धरलाय आन् घरात तांब्या धरवत नाय." ती जाऊनही बरीच वर्षं झाली. मुलगी मनस्वी नवीन पनवेलला सेक्टरमध्ये राहते, नवरा-बायको दोघं नोकरीला. इकडे या बाबा, लिफ्ट आहे, असं ती दर फोनला सांगते. काशिराम म्हणतो, येतो. आणि जात नाही.

गावाची खारजमीन संपादनात गेली ती कधीचीच. दोन नकाशांच्या मधल्या बेचक्यात एक लांबट पट्टा तेवढा राहिला, ना या योजनेत ना त्या. बाकीच्यांनी आपापले तुकडे ओसाड टाकले, उद्या कुणीतरी येऊन घेईल म्हणून. काशिराम एकटा तिथं राता लावतो. तांबडा, जाडा, खाऱ्या जमिनीला न घाबरणारा तांदूळ. न घाबरणारा म्हटलं तरी तोही भरतीसमोर टिकत नाही. त्याला दार लागतंच.

ते दार मागच्या दिवाळीच्या सुमारास गेलं. शेजारी भराव चालू होता. एका डंपरचा धोंडा घरंगळत आला आणि दारावर असा बसला की मधली फळी उभी चिरली. तक्रार करायला काशिराम गेला, तर साइटवरचा माणूस म्हणाला, कोणतं दार? इथे तर नकाशात काही नाही. काशिरामच्या हातात त्या वेळी कोयती नव्हती हे त्या माणसाचं नशीब. मातीच्या गोण्या रचून त्यानं भोक बुजवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या पनवेलात मुबारकच्या वखारीत जाऊन उभा राहिला.

मुबारकच्या आजोबांच्या वखारीतून खाडीकाठच्या सगळ्या उघाड्यांची लाकडं गेली. आता पुढे प्लायवूडच्या थप्प्या, काचेच्या दारांचे नमुने, आणि मागच्या अंगाला लाकूड चिरायचा आरा. काशिरामला बघून मुबारकनं चहा सांगितला. ऐनाचं लाकूड पाहिजे म्हटल्यावर तो हसला.

"काशिरामभाऊ, ऐन मागणारं शेवटचं गिऱ्हाईक तू. लोकांना आता फर्निचर पाहिजे, लाकूड नको."

त्यानं बाहेरून येणारं लाल लाकूड दाखवलं, सरळ रेषांचं, रंधा लोण्यासारखा फिरेल असं. मग साग दाखवला. काशिरामनं दोन्हीला हातसुद्धा लावला नाही. साग दिवाणखान्यात मिरवायला, म्हणाला. खाडीला ऐन.

त्यात हट्ट होता, पण नुसता हट्ट नव्हता. ऐनाचं ओलं लाकूड पाण्यात टाकलं तर तरंगत नाही, धोंड्यासारखं तळाला जातं. गाभा भिजल्या चिंचेच्या रंगाचा, मधे काळ्या रेघा. त्यात खिळा ठोकायला गेलात तर खिळा वाकतो, नाहीतर लाकूड उकलतं. आधी गिरमिटानं भोक पाडायचं आणि खैराची खुंटी मारायची. ते बरंच, कारण खाडीत लोखंड गंजून जातं आणि खुंटी फुगून आणखी घट्ट बसते. पूर्वी घराचे खांब ऐनाचे, नांगर ऐनाचा, तेलाचा घाणा ऐनाचा, होडीचा कणा ऐनाचा. डहाळ्या तोडून भाताच्या वाफ्यावर राब भाजायचा तोही ऐनाचा. ज्याला चुना परवडत नसे तो ऐनाच्या सालीची राख पानाला लावायचा. एवढं सगळं एका झाडानं केलं, आणि आज पनवेलच्या बाजारात त्याचं नाव घेतलं की पोरं विचारतात, कोणता ब्रँड?

ऐन मिळाला तो नेऱ्याला. डोंगराखालच्या एका फार्महाऊसच्या कुंपणावर वादळात जुनं झाड आडवं झालं होतं. मालकानं ते हलवायची परवानगी काढली आणि मुबारकला बोलावलं, मुबारकनं काशिरामला. दोघं टेम्पोतून गेले. झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगांची. मुबारकच्या माणसानं कुऱ्हाड घातली तर घावातून पाणी झिरपलं. ऐन असाच, उन्हाळ्यातही पोटात पाणी धरून बसतो. काशिरामनं त्या पाण्यात बोट बुडवून चाखलं.

मुबारकनं झाडाभोवती एक चक्कर मारली आणि त्याचं तोंड उतरलं. झाड ओलं होतं. ऐन चिरायचा ओलाच, वाळला की करवतीचे दात खातो. पण चिरल्यावर त्याला घाई चालत नाही. भरभर वाळला की तो वाकतो, पीळ धरतो, टोकांना फाटतो. फळ्या बारा महिने खाडीच्या चिखलात पुरून ठेव, मग दार कर, असं मुबारकनं सांगितलं. काशिराम म्हणाला, तेवढा वेळ हाय कुणाला? गोण्या उन्हाळ्यातल्या उधाणांना पुरणार नाहीत. आणि दार तरी कुठं ठेवणार, खाडीतच ना?

"खालचं अंग खाडीत," मुबारक म्हणाला. "वरचं अर्धं उन्हात. त्याचं काय?"

"वरचं आमी माखतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

काशिरामचा आवाज चढला. "आमी म्हंजे आमी. आमच्या घरानं किती दारं मुरवली, तुझ्या आज्याला ठावं होतं."

इन्शाल्ला, मुबारक एवढंच पुटपुटला आणि टेपनं खोड मापायला लागला.

माखायची रीत अशी होती. नवं दार बसलं की पहिलं वर्षभर, बांधावरून जो जाईल त्यानं खाडीचा ओंजळभर चिखल उचलायचा आणि दाराच्या वरच्या अंगावर मारायचा. जाताना एकदा, येताना एकदा. बायका "गार ऱ्हा" म्हणत मारायच्या, पोरं नेम धरून मारायची, बैल घेऊन जाणारा एका हातानं मारायचा. का, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. दाराला नजर लागू नये म्हणून, असं म्हाताऱ्या म्हणायच्या. काशिरामला लहानपणापासून ठाम वाटायचं की बाकीच्यांचा हा सगळा खेळ, खरं माखणं आपल्या बापाचं. बाप सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा शांतपणे, हातानं सारवल्यासारखं माखायचा. तेवढ्यावर दार मुरतं, तेवढ्यावर दर्या थांबतो.

माघात दार बसलं. मुबारकनं दोन हमाल दिले, नाहीतर ते धूड उचलणार कोण? खुंट्या बसल्या, दार दगडी चौकटीत असं चपखल मिटलं की काशिराम मागे सरून बराच वेळ बघत राहिला. दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. सालीचा एक मोठा तुकडा त्यानं बांधावर बसायला ठेवला होता, त्यावर बसून त्यानं बिडी ओढली. मग बापासारखा सकाळी माखायला लागला, बापासारखा संध्याकाळी.

होळी झाली आणि ऊन चढलं. सकाळचा चिखल दुपारपर्यंत पापडासारखा सुटून पडायचा. काशिराम संध्याकाळी यायचा तेव्हा वरचं लाकूड कोरडं, हाताला गरम लागायचं. तो दुप्पट चिखल थापायचा. गोणपाट भिजवून बांधलं, तर भरतीनं एक नेलं, दुसरं वाऱ्यानं. डांबर लावायला गेला, तर ओल्या लाकडाला डांबर धरेना, साय निघावी तसं सुटून आलं. आणि एका सकाळी भरतीच्या वेळी त्याला आवाज आला. बारीक, पोरानं नाक शिंकरावं तसा. दाराचा वरचा उजवा कोपरा चौकटीपासून सुटला होता. करंगळी आत जात होती. दार पीळ धरत होतं.

त्या दिवशी तो घरी जेवायला गेला नाही. सालीवर बसून राहिला आणि बाप कसं करायचा ते आठवत राहिला. आधी नुसता बाप आठवला. मग त्याच्या मागून चाललेली माणसं. निंदणीला निघालेल्या बायकांची रांग. चिंबोऱ्या धरायला जाणारी पोरं. मिठागरावर जाणारे, मिठागरावरून येणारे. न्याहारी घेऊन येणाऱ्या, रिकामी टोपली घेऊन परतणाऱ्या. प्रत्येकाचा एक हात खाली वाकतो, एक गोळा फाटकन बसतो. त्या पहिल्या वर्षात दाराचं लाकूड त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. दिसायचा तो कायम ओल्या चिखलाचा ढीग, सकाळी ओला, भर दुपारी ओला, दिवेलागणीला ओला. ऊन त्या लाकडापर्यंत पोचतच नव्हतं. बाप दोनदा माखत होता. उरलेला सगळा दिवस गाव माखत होतं.

म्हणजे दर्या कुणी धरला होता?

आजा, बाप, लग्नातली ती छाती, ते वाक्य. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर मान ताठ ठेवली ती गोष्ट आपल्या घरची नव्हतीच, आणि हे कळायला सगळं गाव शेतातून उठून जावं लागलं. तो तसाच उठला आणि नाक्यावरच्या टपरीवर गेला.

टपरीवर पुतण्या निकेश भेटला. विचुंब्याला त्याचं रेती-सिमेंटचं काम चालतं, गळ्यात चेन, शर्टाला कांजी. काशिरामनं त्याला आणि बसलेल्या चार जणांना सगळं सांगितलं. माणसं पाहिजेत, म्हणाला. येता-जाता एक ओंजळ, बस. निकेशनं ऐकून घेतलं, तेवढं त्याला श्रेय द्यायला हवं.

"काका, मी तुला लोखंडी गेट बसवून देतो. विषय संपला."

"खाडीत लोखंड किती टिकतं रं?"

"तू किती टिकणार हायस, ते सांग ना."

टपरी हसली. काशिरामही हसला असता, दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर. मग निकेशला कल्पना सुचली. त्यानं गावाच्या ग्रुपवर टाकलं: रविवारी सकाळी आपल्या परंपरेसाठी एक ओंजळ. आणि खरंच, रविवारी माणसं आली. गाड्या बांधापर्यंत आल्या. बायकांनी नऊवारी नेसून चिखल उचलला, पोरांनी एकमेकांना फासला, कुणीतरी बॅनर लावला, भूमिपुत्र वगैरे लिहिलेला. काशिरामला मधे उभा करून फोटो काढले. दार चिखलानं भरून गेलं, जुन्या काळासारखं. सोमवारी बांधावर तो एकटा होता. मंगळवारी चिखल गळून पडला आणि बॅनर तेवढा फडफडत राहिला. भूमिपुत्रांना रविवार असतो. लाकडाला रविवार कळत नाही.

कोपऱ्यात आता करंगळीच्या जागी तर्जनी जाऊ लागली. काशिराम भाकरी बांधून दिवसभर बांधावरच बसायला लागला. पण एकटा माणूस, उतरतं वय, वर चैत्राचं ऊन. एकदा त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तो चिखलात गुडघ्यावर बसला, तेव्हा त्याला ती माणसं पहिल्यांदा नीट दिसली.

पलीकडे टॉवर चढत होता. तिथं काम करणारी माणसं पत्र्याच्या खोल्यांतून निघून, रस्त्याचा वळसा वाचवायला, याच बांधावरून रोज जायची. सकाळी झुंडीनं, दुपारी जेवायला सुटली की परत, मग पुन्हा, मग संध्याकाळी. काशिरामनं त्यांच्याकडे आजवर पाहिलं होतं ते बांध तुडवणारी म्हणून, शिव्या घालायला. परप्रांतीयांवर त्यानं टपरीवर किती तोंड सोडलं असेल त्याला हिशेब नव्हता. आता तो उठून त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"ओ, रुको. ऐसे खाली हाथ नाय जानेका. इधर का रिवाज है."

पुढचा मुकादम थबकला. कसला रिवाज, त्यानं हिंदीत विचारलं. काशिरामनं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं की या दारात खाडीचा देव आहे, जाणाऱ्यानं ओंजळभर मिट्टी मारायची, नाहीतर देव कोपतो आणि बांधावरून माणूस घसरतो. मुकादमानं खाली काळ्या पाण्याकडे पाहिलं. वाकला आणि एक गोळा मारला. मागच्यानं मारला. मग सगळ्यांनीच, हसत, ओरडत, नेम धरत. दार पुन्हा दिसेनासं झालं.

ते रोज चाललं. देवाला फसवलं की माणसांना, याचा विचार काशिरामनं केला नाही. त्याला आवाज ऐकू येत होता, फाट, फाट, फाट, आणि डोळे मिटले की निंदणीच्या बायका चालल्यासारखं वाटत होतं. त्यानं कोपऱ्यावर पाचर मारली, एक धोंडा टांगला, आणि ओल्या लाकडाला हळूहळू मागे ओढायला सुरुवात केली.

त्या झुंडीत एक बाई होती. काटक, कपाळावर गोंदण, डोक्यावर घमेलं पालथं घालून चालायची. ती बाकीच्यांसारखी चिखल फेकत नसे. वाकून, फळीच्या टोकांना, जिथं लाकूड आधी फाटतं तिथं बरोबर दाबून लावायची. काही दिवस काशिरामनं पाहिलं. मग एका संध्याकाळी ती मागे राहिली आणि काशिराम ज्यावर बसला होता त्या सालीकडे बोट केलं.

"आसन है ना?"

"ऐन."

"हमारे यहाँ आसन बोलते हैं." तिनं दाराकडे मान वळवली. "चाचा, ये भगवान-वगवान कुछ नहीं है. लकडी को गीला रख रहे हो."

काशिराम कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. खोटं पकडलं गेल्याचा राग, आणि त्याच वेळी, इतक्या महिन्यांत कुणीतरी त्या दाराला लाकूड म्हटलं याचं काहीतरी. त्यानं विचारलं, मग बाकीच्यांना सांगितलं का? नाही, म्हणाली. भगवान म्हटलं की लोक रोज करतात.

तिचं नाव फूलमनी. झारखंडकडची. तिच्या गावाच्या रानात ऐनच ऐन, आणि ते लोक त्या झाडावर रेशमाचे किडे पाळायचे. पानं खाऊन किडा फांदीला कोश बांधतो, सुपारीएवढा, कडक. पाखरं किडे खातात म्हणून माणसं दिवसभर झाडाखाली बसून हाकारे घालतात. तिचं लहानपण त्यातच गेलं. काशिरामला ऐनाचं सगळं ठाऊक होतं, हे ठाऊक नव्हतं. त्यानं तिला राब सांगितला, घाणा सांगितला, पानाला लावायची राख सांगितली. राखेचं तिला माहीत होतं. दोघं थोडा वेळ त्या सालीकडे बघत राहिली, दोघांच्याही ओळखीचं माणूस मधे बसल्यासारखी.

"इतना पेड है उधर," ती उठताना म्हणाली, "फिर भी हम इधर ईंट ढो रहे हैं."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. आमच्याकडे शेत होतं, आणि तरी गाव गाळ्यांची भाडी मोजतंय, असं काहीसं. पण हिंदीत जुळलं नाही.

त्यानंतर ती जाताना रोज कोपऱ्याच्या फटीत बोट घालून बघायची. ज्येष्ठात एक दिवस तिनं अंगठ्याचं नख लावलं आणि मान हलवली. नखही जात नव्हतं. काशिरामनं त्या रात्री मनस्वीला फोन करून सांगितलं की दार बसलं. कुठलं दार, तिनं विचारलं, घराचं? मग त्यानं विषय बदलून नातीची शाळा विचारली.

पावसात लाकडाची काळजी नव्हती, काळजी पाण्याची होती. आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला काशिराम बांधावर उभा होता. खाडी दाराच्या कपाळापर्यंत चढली. बाहेर करडं, फेसाळ पाणी, गावच्या जुन्या घरांएवढं उंच वाटणारं, आणि आतल्या बाजूला रात्याच्या रोपात बेडूक. मधे ती एक जाड फळी. तिच्यातून थेंब आला नाही. काशिरामनं आतल्या अंगाला तळहात टेकवला. लाकूड आतून हलकं थरथरत होतं, बैलाच्या मानेसारखं.

कुणाला तरी सांगायला हवं होतं. घरी न जाता, तसाच ओला, तो टॉवरच्या मागे पत्र्याच्या खोल्यांकडे गेला. खोल्या नव्हत्या. ओल्या जमिनीवर चुलींचे काळे डाग होते, एक तुटकी चप्पल होती. वॉचमन म्हणाला, स्लॅबचं काम संपलं, ठेकेदार सगळ्यांना घेऊन गेला. कुठं, ते त्याला कसं माहीत असणार? फूलमनीचा नंबर काशिरामनं कधी मागितलाच नव्हता. बाईमाणसाचा नंबर कसा मागायचा? तो थोडा वेळ घुटमळला.

"वो लोग आया तो बोलना, दरवाजा बैठा."

"कौन लोग?" वॉचमननं विचारलं.

काशिराम परत फिरला. मुबारकला फोन लावला, तर वखारीत गिऱ्हाईक होतं. बहोत अच्छा झालं काशिरामभाऊ, म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच खूश होता, पण मागे कुणीतरी दारांच्या कड्या मोजत होतं. टपरीवर काशिरामनं जे कधी बोलला नसता ते बोलून टाकलं. दर्या आमच्या घरानं नाय धरला, म्हणाला, गावानं धरला होता, आमी उगीच मिरवत होतो. चहावाल्यानं ग्लास पुढं केला. ज्यांच्यासमोर हे कबूल करायचं ती माणसं जिवंत नव्हती, आणि जी बसली होती त्यांच्या दृष्टीनं त्यात कबूल करण्यासारखं काही नव्हतं.

राता पिकला, कापला, झोडला. आणि दसऱ्यानंतर आभाळ मोकळं होऊन ते दुसरं ऊन सुरू झालं, चैत्रापेक्षा वाईट, कारण त्याच्या जोडीला वारा कोरडा असतो. दाराचं वर्ष भरायला अजून माघ उजाडायचा होता. मुरत आलेलं लाकूड शेवटच्या टप्प्यात दगा देतं. टॉवरला आता कंपाउंडची भिंत झाली होती, बांधावरची वाट तिच्यावर जाऊन आपटत होती. तिकडून इकडे कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता. निकेश एकदा येऊन गेला. पुढच्या रविवारी पुन्हा ठेवू का, म्हणाला. काशिरामनं नको म्हणून सांगितलं, नेहमीपेक्षा मऊ आवाजात.

मग त्यानं एक सुरू केलं. सकाळी गावाच्या टोकाकडून निघायचं, बांधावरून चालत दारापाशी यायचं, वाकायचं, एक ओंजळ मारायची आणि तसंच पुढं भिंतीपर्यंत जायचं. तिथून वळायचं, परत येताना दुसरी. एक फेरी एका घराची. ही वरच्या आळीतल्या पोशा भगताची, म्हणत तो उंचावरून मारायचा, कारण पोशा भगत ताडमाड होता. ही त्याच्या सुनेची, तिची ओंजळ लहान. ही मिठागरावरच्या रामूची, तो न थांबता, चालता चालता मारायचा, म्हणून काशिरामही न थांबता मारायचा आणि अर्धी बाहेर पडायची. ज्यांची नावं आठवत नव्हती त्यांची चाल आठवत होती. निकेशच्या बापाच्या नावाचा गोळा जरा जोरात बसला. गोदूची फेरी आली तेव्हा त्यानं फेकलं नाही. ती फेकत नसे, चूल सारवावी तशी चार बोटांनी ओढायची. त्यानं चार बोटांनी ओढलं आणि तिथं थोडा जास्त वेळ उभा राहिला.

फूलमनीचं घर गावात नव्हतं, तरी एक फेरी तिची. टोकांना, दाबून.

भिंतीपलीकडे टॉवरमध्ये माणसं राहायला आली होती. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत एक बाई वाळलेले कपडे काढता काढता थांबली आणि खाली बघत राहिली. तिला दिसलं ते एवढंच, की एक म्हातारा बांधावरून येतो, एका जुन्यापान्या दाराला चिखल मारतो, काहीतरी पुटपुटतो, भिंतीपर्यंत जातो आणि परत येऊन पुन्हा मारतो. तिनं आत कुणाला तरी हाक मारली. काशिरामनं वर पाहिलं नाही. ऊन अजून कासराभर होतं, आणि खालची आळी सगळी बाकी होती.